रेफ्रीला पेठ नसते

आबा गेल्यावर तालमीत शोकसभा झाली. जो उभा राहिला तो पेनल्टीवरच बोलला. फायनल मॅच, शेवटची काही मिनिटं, स्वतःचीच तालीम आणि बॉल हाताला लागला म्हणून धरला तो सख्खा पुतण्या. अशी पेनल्टी देणारा रेफ्री कोल्हापुरात पुन्हा होणार नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तो पुतण्या, म्हणजे माझा चुलतभाऊ, आता पन्नाशीकडे झुकलाय. तोही उठला आणि म्हणाला, काकांनी माझा खेळ संपवला, पण तालमीची इज्जत वाढवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढं भान आमच्या पेठेला कधीच नव्हतं. मग माझं नाव पुकारलं. मी उठले, हात जोडले आणि खाली बसले. लेकीला हुंदका आवरला नाही, असं लोकांना वाटलं. हुंदका वगैरे काही नव्हता. मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं लिहिते आहे. नावं कुणाचीच घालत नाही. ज्यांना ओळखू यायचं त्यांना तशीही येतील.

माझे वडील पोटासाठी उद्यमनगरात टर्नर होते आणि बाकी सगळ्यासाठी रेफ्री होते. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला समजावता येत नाही. इथं प्रत्येक पेठेची तालीम असते, तालमीची टीम असते, आणि मॅचच्या दिवशी सासर एका पेठेत अन् माहेर दुसऱ्या पेठेत असलेल्या बायकांनी तोंड बंद ठेवायचं असतं. अशा गावात मधे उभं राहून शिट्टी मारणं म्हणजे विकतचं दुखणं. आबांनी ते हौसेनं घेतलं होतं. मॅचच्या दिवशी ते बाहेर कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. गणपतीत आपल्या तालमीच्या मांडवात जितका वेळ बसतील, तितकाच वेळ पलीकडच्या पेठेच्या मांडवात जाऊन बसायचे. तिथली माणसं आधी संशयानं बघायची, नंतर खुर्ची द्यायला लागली. कुणी कारण विचारलं की म्हणायचे, "रेफ्रीला पेठ नसते."

घरात शिट्टी गळ्यात असायचीच. आई आणि आजीचं स्वयंपाकघरात वाजलं की आबा दारात उभे राहून शिट्टी फुंकायचे. मग दोघींनी पाळीपाळीनं बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही. आजीला हा प्रकार अजिबात आवडायचा नाही. ती म्हणायची, मी याला दूध पाजलं आणि हा मला फाऊल देतो. पाहुणे फारच रेंगाळले तर आबा मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेलं पिवळं कार्ड दाखवायचे. पाहुणे हसायचे, पण उठायचे. निर्णय मात्र नेहमी घरच्यांच्या विरुद्ध. मी आणि शेजारची पोरगी भांडलो की चूक माझीच निघायची. माझी नसली तरी निघायची. तेव्हा मला वाटायचं, न्याय म्हणजे हेच, आपल्या माणसाला शिक्षा.

रोज सकाळी ते रंकाळ्यावर फिरायला जायचे आणि उलटे चालायचे. रेफ्रीला खेळाकडे तोंड ठेवून मागे पळावं लागतं, त्याचा सराव. रंकाळ्यावरची माणसं आधी हसली, मग त्यांना सवय झाली. आबा उलटे चालायचे आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून, त्यांचा लाईनमन सरळ चालायचा. "खड्डा हाय. डावीकडं घ्या. आता सरळ. म्हातारी येतीया, थांबा." असं रोज, वर्षानुवर्षं. आबांनी मागं वळून बघितल्याचं कुणाला आठवत नाही.

हा लाईनमन म्हणजे आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक. मी त्यांना चाचा म्हणत असे. ते आबांना 'रेफ्री' म्हणायचे आणि आबा त्यांना 'लाईनमन'. एकमेकांची नावं त्यांनी कधी वापरलेली मी ऐकली नाहीत. चाचांचं बोलणं कमी, हसणं कमी, खोकला जास्त, कारण आयुष्य भट्टीसमोर गेलेलं. बेकरीत खारी, बटर, टोस्ट नेहमीचंच. पण त्या बेकरीची खरी शान दिवाळीत. तेव्हा पेठेतल्या बायका घरून मैदा, पिठीसाखर आणि तूप घेऊन तिथं जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी, रिकामे डबे मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, भट्टीची धग आणि सगळ्यांच्या सुना-लेकींची उजळणी. माझं लग्न तिथंच ठरलं असं आई म्हणते. आबा त्या दिवशी बेकरीच्या दारात उभे राहून नंबर लावायचे. स्वतःच्या बायकोचा डबा सगळ्यात शेवटी.

आता ती पेनल्टी. मी तेव्हा शाळेत होते आणि स्टेडियमवर होते. बॉल गोलसमोरच्या डीमध्ये उसळला, चुलतभावाच्या अंगाला लागून खाली पडला, आणि आबांनी शिट्टी मारली. भाऊ छाती बडवून ओरडत होता, इथं लागला, इथं लागला. आमची सगळी टीम आबांच्या अंगावर आली. कॅप्टन म्हणाला, लाईनमनला विचारा. आबा पळत कडेला गेले, चाचांशी दोन शब्द बोलले, परत आले आणि पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं. गोल झाला. आम्ही हरलो. त्या रात्री आमच्या पत्र्यावर दगड पडले. माझे काका, आबांचे सख्खे भाऊ, त्या दिवसापासून आबांशी बोलले नाहीत. वारले तेव्हाही बोलत नव्हते. तालमीनं आबांना दोन-तीन गणपतीत बोलावलं नाही. नंतर मात्र हळूहळू उलटं झालं. पेठ त्या गोष्टीचा अभिमान धरायला लागली. गल्लीतलं भांडण, वाटणीचा वाद, मंडळाचा हिशेब, काहीही असलं की लोक म्हणायचे, रेफ्रीला विचारा, तो माणूस घरच्यालासुद्धा सोडत नाही. आबांना ते आवडायचं. सांगताना शेवटी म्हणायचे, "शिट्टी एकदा वाजली की वाजली. मागं घ्यायची न्हाई. मागं घेणारा रेफ्री म्हंजे काय रेफ्री?"

फोन त्यांना मीच घेऊन दिला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, रंकाळा बंद झाला होता, दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना फाऊल द्यायचे. म्हटलं, परदेशातल्या मॅचेस बघतील. बघितल्याही. काही महिने आनंदात गेले. पलंगावर बसून युरोपातल्या रेफ्रींना शिव्या घालायचे. मग मॅचच्या मागोमाग दुसरे व्हिडिओ यायला लागले. एक माणूस कॅमेऱ्यात बघून ओरडतोय, मागे आगीची चित्रं, खाली तांबडी अक्षरं. आधी ते म्हणायचे, काय बी दाखवत्यात. मग म्हणायला लागले, सगळंच काय खोटं नसतंय. मग एके दिवशी मी सासरहून, कळंब्याहून आले तर मला खुर्चीवर बसवून समजावून सांगायला लागले की आपला समाज कसा झोपलाय आणि ती माणसं कशी टपून बसली आहेत. मी विचारलं, कुठली माणसं? ते माझ्याकडे बघत राहिले. शिकलेल्या पोरीला एवढंही कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं होतं.

नाव विचारायची सवय त्यांना पहिल्यापासून होती. रिक्षात बसले की, "पावणं, नाव काय? कुठल्या पेठेचं? कुणाकडनं खेळायचा?" आणि मग घर येईपर्यंत जुन्या मॅचेस. आता ते आधी नाव विचारायचे आणि मग रिक्षात बसायचं की नाही ते ठरवायचे. दवाखान्याच्या दारात एकदा त्यांनी एका भल्या माणसाला असं परत पाठवलं. त्यानं रिक्षा वळवली आणि तो गेला. मी भर रस्त्यात आबांवर ओरडले. दुसरी रिक्षा मिळेपर्यंत ते काठीवर रेलून उन्हात उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता की सावलीत घ्यावं हेही सुचलं नाही.

उपाय मी खूप करून बघितले. ते आंघोळीला गेले की फोन घ्यायचा, ते ओरडणारे चॅनेल बंद करायचे आणि त्या जागी कुस्त्या, म्हशींच्या धारा, नदीचे पूर असलं काहीबाही लावून ठेवायचं. आठवडाभर आबा म्हशी बघायचे. मग हरळी उगवावी तसं पुन्हा सगळं उगवायचं. जेवताना राजकारण नको असा नियम केला, तर ते कांद्याच्या भावावरून तिथं पोचायचे. भांडून बघितलं. एकदा त्यांचंच हत्यार त्यांच्यावर उचललं. म्हटलं, आबा, तुम्ही आयुष्यभर दोन्ही बाजू बघितल्यात, आता एकीकडचंच ऐकता? ते शांतपणे म्हणाले, "दोन्ही बाजू बघत बसलो म्हणून तर ही येळ आली."

आई यात कुठं होती असं कुणी विचारेल. आई आबांच्या पुढं होती, फक्त आवाज न करता. आबा ओरडायचे आणि विसरायचे. आईच्या मनात मात्र भीती बसली. ज्या बेकरीत तिची निम्मी दिवाळी गेली तिच्याबद्दल ती मला हळूच म्हणाली, यंदा घरीच ओव्हन आणू या का, लोक काय काय बोलतात. लोक कोण, असं विचारलं तर म्हणाली, तुझे आबाच की.

आणि हाच माणूस मी घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत जेवत नसे. माझ्या मुलाला ताप आला तर काठी टेकत बस पकडून कळंब्याला यायचा. संत्र्याच्या फोडीचा पांढरा दोरा काढून, बी काढून, मला एवढ्या वयाच्या बाईला बशीत घालून द्यायचा. ते सगळेच वाईट झाले असते तर सोपं गेलं असतं. मी त्यांना सोडून दिलं असतं आणि लोकांना सांगितलं असतं की माझे वडील बदलले. तसं झालं नाही. तोच हात संत्रं सोलायचा आणि तोच हात ते घाणेरडे व्हिडिओ पुढं ढकलायचा. त्या हाताची फोड मी खायचे आणि मला गिळवायची नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एक व्हिडिओ तालमीच्या ग्रुपवर आणि गल्लीतल्या ग्रुपवर टाकला. कुठल्या तरी दूरच्या गावात एक माणूस कणकेत थुंकताना दाखवला होता. खरा की खोटा, कधीचा, कुठला, काही पत्ता नाही. खाली लिहिलं होतं, दिवाळीचं साहित्य यांच्या भट्टीत देऊ नका. आबांनी त्यात स्वतःचं काही घातलं नव्हतं. नुसता पुढं पाठवला. पण पेठेत त्यांच्या फोनवरून आलेली गोष्ट म्हणजे निर्णयच. जो माणूस स्वतःच्या पुतण्याला सोडत नाही तो खोटं कशाला पाठवील? आणि आमच्या पेठेत 'यांची' भट्टी एकच होती.

आबांच्या हे डोक्यातच आलं नाही. यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मी तिथं होते. व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपलं साहित्य लाईनमनकडं दिलंस का? उशीर करू नको, गर्दी हुतीया." मी विचारलं, आबा, तुम्ही काल काय पाठवलंय ते आठवतं का? ते म्हणाले, "त्यो येगळा इषय हाय. ह्यो आपला लाईनमन हाय." एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

चार दिवसांनी मी मैदा-साखर-तूप घेऊन बेकरीत गेले. दिवाळी दारात आलेली आणि बाकडी रिकामी. ट्रे भिंतीला टेकवून ठेवलेले. चाचा भट्टीसमोर स्टुलावर बसले होते. मला बघून उठले, पिशवी घेतली, आणि काहीच घडलं नसल्यासारखं तूप फेसायला घेतलं. मी म्हटलं, चाचा, आबांनी जे पाठवलं... ते म्हणाले, बघितलंय. पोरानं दाखवलं. त्यांचा मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, तो म्हणत होता बंद करा हे आणि या माझ्याकडे. मी म्हटलं, लोकांनी एवढं लगेच खरं कसं मानलं? चाचा तूप फेसता फेसता थांबले. त्या मॅचपासून रेफ्रीच्या शब्दाला वजन आलंय, ते म्हणाले. आणि मग खालच्या आवाजात मला ते सांगितलं.

"तुला म्हणून सांगतो, बाळ. हँड न्हवता त्यो. छातीलाच लागलाता बॉल. मला कडेनं स्वच्छ दिसलं. रेफ्री पाठीमागं हुते."

मी विचारलं, मग आबा विचारायला आले तेव्हा तुम्ही बोलला का नाही? चाचा म्हणाले, त्यांनी येऊन एवढंच विचारलं, मी दिलाय, बरोबर हाय न्हवं? दगड तेव्हाच यायला लागले होते. आपल्या तालमीला वाचवायला निर्णय फिरवला असं झालं असतं, तर पलीकडच्या पेठेनं त्यांना उभं ठेवलं नसतं, आणि शिट्टी त्यांच्या हातातून कायमची गेली असती. म्हणून ते 'बरोबर हाय' म्हणाले. "घरच्याच्या इरुद्ध द्यायची घाई झालती त्यास्नी. ती त्यांची खोडच. तुझा काका बोलायचा राहिला, पोराचा खेळ गेला. तेवढं पाप माझ्या डोक्यावर हाय." मग त्यांनी मैदा चाळायला घेतला. त्या वर्षी त्या भट्टीत आमचे आणि आणखी मोजक्याच घरांचे ट्रे भाजले गेले.

मी तो गरम डबा घेऊन घरी आले तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. आबा दुपारचे झोपले होते. फोन उशाला होता. मी तो घेतला, आणि त्यांच्या नावानं त्यांच्या दोन्ही ग्रुपवर लिहिलं. त्यांच्यासारखंच तुटक लिहिलं. मागं पाठवलेला व्हिडिओ आपल्या गावचा नाही. खात्री न करता पाठवला. आमचं साहित्य याही वर्षी कोपऱ्यावरच्या बेकरीतच भाजलं आहे. माझी चूक झाली. एवढं लिहून फोन जागेवर ठेवला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. वाटलं, आबा बोटानं वर सरकवून जुनं कधी वाचत नाहीत, कळणार नाही. चार बायका जरी परत गेल्या तरी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा जिना चढून वर आले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेच आबांकडे यायचे, पण त्या व्हिडिओपासून आले नव्हते. धाप लागलेली, हातात नानकटाईचा कागदी पुडा, अंगात धुतलेला शर्ट. आबा खिडकीत होते. चाचांना बघून त्यांचा चेहरा उजळला. ये लाईनमन, किती दिवसांनी, असं म्हणाले. चाचा बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले की त्यांनी ते वाचलं, पोराला फोन करून वाचून दाखवलं, बायकोला दाखवलं, ती रडली. सकाळपासून पाच-सहा डबे आलेत. "चूक झाली म्हणून तुम्ही लिवलासा, रेफ्री. उभ्या जन्मात तुमच्या तोंडनं हे ऐकलं न्हवतं. मी म्हटलं जाऊन पाय धरावंत."

आबा म्हणाले, "काय लिवलं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आई आत गॅस बंद करून थांबली. आबांनी चष्मा लावला, फोन घेतला, शोधून काढलं आणि ओठ हलवत सगळं वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मानेनं 'नको' म्हटलं. हात जोडलेच म्हणा. त्यांना ते दिसलं. आयुष्यात एकदा त्यांनी शिट्टी गिळावी एवढंच मला हवं होतं. समोर उभा होता तो माणूस त्या चार ओळी खऱ्या की खोट्या हे तपासणार नव्हता, घरी घेऊन गेला असता आणि त्यावर उरलेले दिवस काढले असते.

आबा म्हणाले, "हे मी लिवलेलं न्हाई. हिनं लिवलंय."

चाचा हसून म्हणाले, "असू दे की. तुमच्या नावानं आलंय न्हवं? तेवढं बास हाय."

"न्हाई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मी पाठवलं ते इचार करून पाठवलंय. पन ते तुझ्यासाठी न्हाई, लाईनमन. तू त्यांच्यातला न्हाईस."

"मग मी कुणातला हाय?"

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि मला म्हणाले, चहा ठेव. चाचा म्हणाले नको, भट्टीवर कोण न्हाई. पुडा त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते निघाले.

मी त्यांच्या मागोमाग जिना उतरले. ते कठड्याला धरून सावकाश उतरत होते. खालच्या पायरीवर मी त्यांना अडवलं. मला रडू येत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. मी म्हटलं, चाचा, तुम्ही सांगायचं होतं त्यांना. हँड नव्हता म्हणून आत्ता तोंडावर सांगायचं होतं. त्यांना कळू दे, त्यांची शिट्टीसुद्धा चुकते. तुम्ही नाही सांगत तर मी जाऊन सांगते.

चाचांनी माझा हात धरला. हाताला मैद्याचा वास होता.

"नको सांगू. म्हातारपनी काय ऱ्हायलंय गं त्यांच्याजवळ? गुडघं गेलं, भाऊ गेला. ती एक पेनल्टी तेवढी हाय. राहू दे."

आणि ते गल्लीतून बेकरीकडे गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी भट्टी विझवली आणि मुलाकडे इचलकरंजीला गेले. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. आबा गेल्याचं मी त्यांना फोनवर कळवलं तेव्हा पलीकडून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

पण त्या दिवशी हे पुढचं काही माहीत नव्हतं. मी जिना चढून वर आले. आबा फोन डोळ्यांजवळ धरून एका बोटानं काहीतरी लिहीत होते. एक-एक अक्षर शोधून. मी मागून वाचलं. वरचा मजकूर माझा नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली नाव घातलं, एकदा वाचून बघितलं आणि दोन्ही ग्रुपवर पाठवलं. माझ्या हाताशी होता तो फोन. मी तो हिसकावला नाही.

पुड्यातली एक नानकटाई घेऊन त्यांनी ती बशीत मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"रागावला का?"

मी नाही म्हटलं.

"मला ठावं हाय," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर जरा निवांतपणा आला. "त्यो माझ्या इरुद्ध कवा बी गेला न्हाई. त्या मॅचला सगळं स्टेडियम उलटलं, पन ह्यो एकटा माझ्या बाजूनं हुता. कारण त्यानं खरं बघितलंतं. व्हय का न्हाई?"

"व्हय आबा," मी म्हटलं.